जशी आहे तशी

गुलमंडींत जन्मलेल्या माणसाला विकण्याची कला शिकवावी लागत नाहीं, असा आमच्या गांवांत एक समज आहे. समज अगदींच निराधार नाहीं. नांवावरून पाहिलें तर ही फुलांची मंडई. पण माझ्या आठवणींत येथें फुलांपेक्षां लुगडीं, भांडीं, चपला आणि लग्नांचे बस्तेच अधिक विकले गेले. पैठण दरवाजाकडून टिळक पथानें यावें, सुपारी हनुमानाला हात जोडावे आणि पुढें सिटी चौकाची वाट धरावी. एवढ्या अंतरांत पांच-पंचवीस दुकानदार तरी तुम्हांला 'या, बसा, नुसतं बघा' म्हणणारच. 'नुसतं बघा' या दोन शब्दांवर या पेठेनें पिढ्यान् पिढ्या संसार केले आहेत. अशा पेठेच्या मागच्या गल्लींत, बापजाद्यांच्या वाड्यांत मी सदुसष्ट वर्षें काढलीं; आणि तरीहि २०२४ सालीं एक वस्तु विकण्याची पाळी माझ्यावर आली तेव्हां माझ्या तोंडून शब्द फुटेना. सारा जन्म मुलांना भाषा शिकविण्यांत घालविलेल्या माणसाची ही गत!

वस्तु होती एक मोटार. मर्सिडीज-बेंझ कंपनीची, १९० एस्. एल्. या नांवाची, दोन माणसांची, कापडी टपाची, जर्मनींत घडलेली. १९५४ सालच्या फेब्रुवारींत न्यूयॉर्कच्या प्रदर्शनांत या जातीच्या मोटारीचें लोकांना पहिलें दर्शन झालें. १९५५ पासून १९६३ पर्यंत तिचे एकंदर २५,८८१ नग तयार झाले आणि मग कारखान्यानें तें प्रकरण मिटविलें. चार सिलिंडरांचें १८९७ घन सेंटिमीटरचें इंजिन, दोन सोलेक्स कार्ब्युरेटर, १०५ अश्वशक्ति. तिची थोरली बहीण ३०० एस्. एल्.; तिचे दरवाजे पाखराच्या पंखांसारखे वर उघडत आणि तिचें घराणें शर्यतींतलें. धाकटी तितकी तेज नव्हती. पण रूपानें थोरलीवर गेलेली. जगाच्या हिशेबानें पंचवीस हजार म्हणजे कांहीं फार थोडे नव्हेत. परंतु परदेशी मोटार आणण्यावर आपल्याकडे त्या काळीं असे निर्बंध होते कीं आमच्या मराठवाड्यांत मीं तरी तिच्यासारखी दुसरी पाहिली नाहीं.

ती आमच्या घरीं आली त्याचें कारण एक चांदणी. माझ्या थोरल्या काकांचा मालवाहतुकीचा धंदा होता. १९५४ सालीं टाटांनीं जर्मनीच्या डाइम्लर-बेंझ कंपनीशीं करार करून जमशेदपुरास ट्रक बांधावयास घेतले. त्या ट्रकांच्या नाकावर तीन टोकांची ती प्रसिद्ध चांदणी असे. काकांजवळ असे दोन ट्रक होते. बीडच्या नाहीं तर जालन्याच्या वाटेवर धुळीनें माखलेल्या त्या चांदणीवर काका आपल्या उपरण्यानें हात फिरवीत. १९६५ सालीं मुंबईच्या एका दलालानें त्यांना कळविलें कीं, राउरकेल्याच्या पोलाद-कारखान्यांत काम करावयास आलेला एक जर्मन इंजिनिअर स्वदेशीं परतला आहे आणि त्याच्या मागें राहिलेली मोटार विकाऊ आहे. काकांनीं एक ट्रक विकला आणि ती मोटार आणली. आजोबा आठ दिवस त्यांच्याशीं बोलले नाहींत. मी तेव्हां आठ वर्षांचा होतों. ओठ्यासारखा पुढें आलेला तिचा तो लांब तोंडवळा, दुधाळ रंग, लाल चामड्याची बैठक, आणि सर्वांत नवलाची गोष्ट म्हणजे डावीकडे असलेलें स्टीअरिंगचें चाक! गल्लींतलीं पोरें म्हणत, ही मोटार उलटी आहे.

१९६६ च्या वैशाखांत काकांचें लग्न झालें आणि त्याच वर्षीं दिवाळीच्या सुमारास मोटार बंद पडली. वाड्याच्या मागच्या अंगाला जुनी पागा होती. तींत ती उभी राहिली. आधीं तिच्यावर गोणपाट आलें, मग ताडपत्री आली. कोणी विचारलें तर काका सांगत, "कार्ब्युरेटर गेला आहे. सुटे भाग जर्मनीहून यायचे आहेत." हें वाक्य ते बत्तीस वर्षें सांगत आले. १९९८ सालीं ते गेले. सुटे भाग आले नाहींत. त्यांच्यामागें आम्हीहि तेंच वाक्य म्हणूं लागलों. घरांत देवघराला जशी एक जागा असते तशी त्या न झालेल्या दुरुस्तीलाहि आमच्या घरांत एक कायमची जागा होती.

काकांच्या आणखी एका सवयीची येथें आठवण होते. बाहेर पडले म्हणजे ते नेहमीं काकूंच्या उजव्या बाजूनें चालत. बाजारांत, लग्नांत, देवळांत, कोठेंहि. गर्दींत बाजू बदलली तर दोन पावलें मागें राहून ते पुन्हां उजवीकडे येत. आम्ही मुलें त्याला 'काकांची कवाईत' म्हणत असूं.

मोटार विकण्याचा विषय निघाला तो माळवदामुळें. वाड्याचें मातीचें माळवद दर पावसाळ्यांत गळूं लागलें होतें, आणि २०२४ च्या उन्हाळ्यांत एक तुळई इतकी वांकली कीं पुढचा पाऊस ती काढील कीं नाहीं याचा भरंवसा उरला नाहीं. काकूंची मुलगी पुण्याला असते. ती म्हणाली, "दादा, घरावर छप्पर नाही आणि पागेत जर्मन मोटार! हें कसलं ऐश्वर्य?" बोलणें तिखट होतें, पण खोटें नव्हतें.

विकायचें ठरतांच सल्लागारांना तोटा राहिला नाहीं. माझ्या भाच्यानें कोठून तरी बातमी आणली कीं, ५ मे २०२२ रोजीं याच कंपनीनें आपल्या संग्रहांतली १९५५ सालची एक मोटार १३ कोटी ५० लाख युरोंना विकली. बातमी खरी होती. पण ती ३०० एस्. एल्. आर्. होती, शर्यतीच्या मोटारीवरून बांधलेली, जगांत अवघी दुसरी नसलेली म्हणावी तर एकच जोडीदारीण असलेली. तिचें नि आमच्या मोटारीचें नातें फक्त आडनांवाचें. हें समजावून सांगितल्यावरहि भाच्याच्या डोळ्यांतली चमक कांहीं दिवस गेली नाहीं.

आमच्या शहराला जर्मन मोटारींचें अप्रूप उरलेलें नाहीं हेंहि मला दिसत होतें. २०१० सालच्या ऑक्टोबरांत येथील कारखानदार, डॉक्टर, व्यापारी मंडळींनीं मिळून एकदम १५० मर्सिडीज मोटारी घेतल्या. सुमारें ६५ कोटींचा तो सौदा. बँकेनें त्यासाठीं स्वस्त व्याजानें कर्ज दिलें, आणि शेतकऱ्याला ट्रॅक्टरसाठीं याहून महाग कर्ज कां, असा प्रश्न त्या वेळीं वर्तमानपत्रांत विचारला गेला. शेंद्र्याच्या कारखान्यांत तर ऑडी मोटारींची जुळणीहि झाली. तेव्हां चांदणी किंवा चार कडीं पाहून आतां गुलमंडींत कोणी मान वळवीत नाहीं. पण जुनी मोटार ही गोष्ट वेगळी. कोल्हापूरच्या छत्रपतींची मेबॅक ही जर्मन मोटार अजून दसऱ्याला दसरा चौकांत येते, आणि सोनें लुटायला जमलेले लोक आधीं तिच्याकडे पाहतात. तिचें भाग्य असें कीं तिला वर्षांतून एकदां कां होईना, बाहेर पडायचा मुहूर्त ठरलेला आहे. आमच्या मोटारीच्या कुंडलींत मुहूर्तच नव्हता.

मीं जाहिरात लिहिली. भाषा शिकविणाऱ्या माणसाची जाहिरात. ती काय विचारतां! 'दुर्मिळ जर्मन क्रीडा-मोटार. साठ वर्षें एकाच घराण्यांत प्राणापलीकडे जपलेली. थोड्या डागडुजीची आवश्यकता.' काकू ओसरीवर तांदूळ निवडीत बसल्या होत्या. मीं त्यांना तें वाचून दाखविलें. त्यांनीं एकदां ऐकलें, मान वळवून पुन्हां वाचायला लावलें आणि विचारलें, "थोडी डागडुजी म्हणजे किती रे?"

मी म्हणालों, "काकू, जाहिरातीत असंच लिहायचं असतं. बाकीचं गिऱ्हाईक आल्यावर."

"मला पाहायला आले तेव्हांहि असंच ठरलं होतं," काकू म्हणाल्या. "बाकीचं लग्न झाल्यावर."

त्यांच्या डाव्या कानाला ऐकूं येत नाहीं हें आम्हांला ठाऊक होतें. पण तें वयानें आलेलें, अशी माझी समजूत होती. त्या दिवशीं कळलें कीं लहानपणींच्या तापांत तो कान गेला होता. पाहुणे यायचे त्या दिवशीं त्यांच्या वडिलांनीं पाट असा मांडला कीं सारी मंडळी उजव्या हाताला बसावीत. लग्न ठरलें, कानाची गोष्ट कोणी काढली नाहीं.

"लपवलेला दोष दुसऱ्याला कळेपर्यंत आपल्यालाच खात बसतो," काकू म्हणाल्या. "सहा महिने मी या वाड्यांत मान वळवून वळवून ऐकत होतें. डावीकडून कोणी हांक मारली तर काय करायचं, या भीतीनं स्वयंपाकघरांतसुद्धां भिंतीला डावा खांदा लावून बसायची. कळलं तेव्हां सुटलें."

"कसं कळलं?"

"कळलं एकदां," म्हणून त्यांनीं सूप झटकलें. "तूं सगळं लिही. काय काय मोडलंय तें सगळं. जशी आहे तशी."

काकांच्या कवाईतीचा अर्थ मला सदुसष्टाव्या वर्षीं कळला.

आतां सगळें लिहायचें म्हणजे आधीं तें कळायला हवें. मला मोटारींतलें कांहीं समजत नाहीं. म्हणून जुन्या गांवांतल्या एका उस्तादांना बोलावून आणलें. त्यांच्या वडिलांनीं काकांचे ट्रक दुरुस्त केले होते. ताडपत्री ओढल्यावर चांदणीकडे पाहून ते म्हणाले, "ये तो अपनी टाटाची चांदणी!" आणि मग त्यांनीं बाह्या सरसावल्या. तीन दिवस त्यांनीं त्या मोटारीची नाडी पाहिली. मी बाजूला पाट टाकून लिहून घेत होतों. त्यांच्याजवळ एक चुंबक होता. पत्र्यावर तो फिरविला म्हणजे रंगाखालीं लोखंड आहे कीं कोणी भर घातली आहे हें कळतें. दरवाजावर तो चिकटेना. उस्ताद चपापले. मीं पुस्तक उघडून पाहिलें तों या जातीच्या मोटारीचे दरवाजे, बॉनेट आणि डिकीचें झांकण कारखान्यांतच ॲल्युमिनियमचें करीत असत असें निघालें. वजन कमी व्हावें म्हणून. उस्तादांनीं दोन्ही कानांना हात लावले. पुढें डाव्या बाजूच्या मागच्या मडगार्डावरहि चुंबक घसरला, तेव्हां आम्हीं दोघांनींहि मान डोलावली. तेंहि तसलेंच असणार.

यादी सतरा कलमांची झाली. त्यांतलीं कांहीं येथें देतों:

१. इंजिन फिरत नाहीं. दट्टे सिलिंडरांत धरले आहेत.

२. कार्ब्युरेटर दोन्ही मूळचेच. पण पेट्रोल आटून त्याचा डिंक झाल्यानें आंतलीं भोंकें बुजलीं आहेत.

४. तळाचा पत्रा चालविणाराच्या पायाखालीं गंजून गेला आहे. खालची फरशी दिसते.

७. विजेच्या तारांचें वेष्टण उंदरांनीं खाल्लें आहे.

९. ब्रेकचीं रबरें दगडासारखीं झालीं आहेत.

१५. डाव्या मागच्या मडगार्डाच्या रंगाला बारीक तडे, बहुधा उन्हानें.

चौथें कलम सर्वांत वाईट, असें उस्ताद म्हणाले. या मोटारीचा तळ आणि वरचा सांगाडा एकमेकांना झाळून एकजीव केलेले असतात; तळ गेला म्हणजे घराचा पाया गेला. मीं विचारलें, "पण आम्ही तर तिला एवढी झांकून ठेवली होती." उस्तादांनीं ताडपत्रीचें टोंक उचलून मला आंतली बाजू दाखविली. ती ओली होती. दर पावसाळ्यांत पागेच्या फरशींतून ओल वर येत होती आणि ताडपत्री तिला बाहेर जाऊं देत नव्हती. अठ्ठावन्न पावसाळे आम्हीं त्या मोटारीला ओल्या पांघरुणांत निजविलें होतें. "सर," उस्ताद म्हणाले, "ही गाडी चालून नाही मेली. बसून मेली."

त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं. आमच्या भागांत पैठणीची एक गोष्ट बायका सांगतात. नेसलेली पैठणी पदराशीं झिजते. पेटींत ठेवलेली घडीवर फाटते. आणि घडीवर फाटलेलीला रफू नाहीं. सतरा कलमें मीं पुन्हां वाचलीं. त्यांत धांवण्यानें झालेला दोष जवळजवळ एकहि नव्हता; सारे दोष जपण्याचे होते. रोज कोणी तिला गल्लींतून पैठण दरवाजापर्यंत नेऊन आणली असती तर ही यादी चार ओळींत संपली असती. मनांतल्या मनांत मीं काकांना दोष दिला. एक कार्ब्युरेटर या माणसाला बत्तीस वर्षांत साफ करवून घेतां आला नाहीं! चांदणीवरून उपरणें फिरविणें म्हणजे प्रेम, आणि हात काळे करणें म्हणजे काय? आपल्याकडे पुष्कळांची प्रीति अशी उपरण्याचीच असते, असेंहि एक सुभाषित माझ्या मनांत आलें, आणि तें सुचल्याबद्दल मला थोडेसें बरेंहि वाटलें.

यादी जोडून जाहिरात दिली. तीन गिऱ्हाइकें आलीं.

पहिला मुंबईचा एक तरुण. त्यानें यादी न वाचतांच घडी करून खिशांत घातली. त्याला मोटार नको होती, तिचे अवयव हवे होते. ते दोन कार्ब्युरेटर, तें घड्याळ, ती चाकें, ते आरसे. एकेक वस्तु परदेशांत कोणाला तरी हवी आहे, असें तो म्हणाला. त्यानें सांगितलेला आंकडा मोठा होता. माळवद होऊन वर भिंतींना चुना लागला असता.

दुसरे आमच्याच शहरांतले एक गृहस्थ. त्यांना ती आपल्या मंगल कार्यालयाच्या दाराशीं उभी करायची होती. लाल रंग द्यायचा, आंत दिवे बसवायचे, आणि नवरा-नवरींनीं तींत बसून फोटो काढायचे. इंजिन चालत नाहीं हें ऐकून त्यांना उलट बरें वाटलें. त्यांचा आंकडा पहिल्याहून थोडा कमी.

तिसरे पुण्याचे एक निवृत्त इंजिनिअर. येतांना विजेरी आणि एक जुनी चादर घेऊन आले. चादर पसरून मोटारीखालीं शिरले ते तासाभरानें बाहेर आले. मग ओसरीवर बसून त्यांनीं यादी वाचली. जेवणाचें ताट पुसून खावें तशी शेवटपर्यंत. त्यांनीं मला सरकारचा नियम समजावून सांगितला. २०२१ सालच्या जुलैपासून पन्नास वर्षांपलीकडच्या मोटारींची वेगळी नोंदणी होते. 'व्ही ए' ही अक्षरें असलेला क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये शुल्क, मुदत दहा वर्षें. मात्र सांगाडा, अंग आणि इंजिन मूळचेंच राहिलें पाहिजे, आणि अशी मोटार प्रदर्शनाला, जुन्या मोटारींच्या फेरीला किंवा तिच्या दुरुस्तीपुरतीच रस्त्यावर आणायची. रोजच्या येण्याजाण्यासाठीं नाहीं. "म्हणजे एवढा जीर्णोद्धार करून ती पुन्हां बहुतेक घरांतच?" मीं विचारलें. "घरांत," ते म्हणाले, "पण चालती. दर रविवारीं इंजिन सुरू करून तेल फिरवणं, याला कोणाची परवानगी लागत नाहीं."

मग त्यांनीं यादीवर बोट ठेवलें. "हें पंधरावं कलम. 'बहुधा उन्हानें.' गाडी तर पागेत होती. बहुधा म्हणजे काय?"

मी गोंधळलों. म्हणालों, "तें मडगार्डहि दारांसारखं ॲल्युमिनियमचं आहे, चुंबक धरत नाही." ते नुसतें "बघूं" म्हणाले आणि त्यांनीं आपला आंकडा सांगितला. तो तिघांत सर्वांत लहान होता. तळाचा पत्रा नवा घालायचा, इंजिन उघडायचें, सुटे भाग मागवायचे, याचा हिशेब त्यांनीं माझ्यासमोर मांडला. त्यांत त्यांची फसवणूक मला दिसली नाहीं. उलट मोटारीवर त्यांचे जे पैसे जाणार होते ते तिच्या किंमतीहून अधिक होते.

त्या रात्रीं वाड्यांत थोडी बोलाचाली झाली. पुण्याहून बहिणीचा फोन आला. मुंबईच्या तरुणाचा आंकडा तिला कळला होता. "दादा, तुम्हांला काय, मोटारीला जीव आहे असं वाटतं का?" मला तसें वाटत नव्हतें. काकूंना विचारलें. त्या म्हणाल्या, "यादी कोणी वाचली?" मीं सांगितलें. "मग त्याला द्या." मोटार काकांची, मालकी काकूंची, वाद संपला. माळवद अर्धेंच झालें. उरलेल्या अर्ध्यावर आम्हीं पत्रे घातले, आणि पावसांत त्यांचा आवाज असा होतो कीं काकूंशीं बोलायला आतां उजव्या बाजूनेंहि ओरडावें लागतें.

मोटार नेण्याचा दिवस आला. उस्तादांनीं आपलीं दोन पोरें आणलीं. चाकांत हवा भरली. गल्ली अरुंद, म्हणून ट्रक तोंडाशीं उभा केला आणि मोटार हातांनीं ढकलीत न्यायची ठरली. पागेंतून ती निघाली तेव्हां फरशीवर तिच्या आकाराचा एक कोरडा-ओला चौकोन उमटलेला दिसला. काकू दारांत येऊन उभ्या होत्या. इंजिनिअरांनीं विचारलें, "आजी, बसतां का? गल्लीच्या तोंडापर्यंत." मला वाटलें, त्या नाहीं म्हणतील. पण काकूंनीं पदर खोंचला, उजवीकडचा दरवाजा उघडला आणि सरळ आंत जाऊन बसल्या. चाकाशीं इंजिनिअर, मागें आम्ही ढकलणारे. ते वाटभर कांहीं तरी सांगत होते. काकू समोर पाहून हंसत होत्या. एक शब्दहि त्यांना ऐकूं गेला नसावा. दुकानदार पायऱ्यांवर येऊन उभे राहिले. 'नुसतं बघा' म्हणणारे स्वतःच नुसते बघत राहिले. सुपारी हनुमानाजवळून ट्रक वळला आणि दिसेनासा झाला.

येथें ही गोष्ट संपली असें मला वाटलें होतें. तीन महिन्यांनीं पुण्याहून फोन आला. इंजिनिअरांनीं पंधराव्या कलमाचा रंग खरवडला होता. तें मडगार्ड ॲल्युमिनियमचें नव्हतें. पोलादाचेंच होतें, पण त्यांत परातीएवढा खड्डा होता आणि तो बोटभर जाडीच्या शिशानें भरून वर रंग दिलेला होता. चुंबक घसरला तो शिशावरून.

लाज वाटणें म्हणजे काय तें मला फोन हातांत धरून कळलें. मी म्हणालों, "किंमतींतले कांहीं पैसे मी परत पाठवितों."

"पैसे नकोत," ते म्हणाले. "शिसं कुशल हातानं भरलं आहे, त्या काळीं तसंच करीत. तुम्ही फक्त अठरावं कलम लिहून पाठवा. यादी मी मोटारीच्या कागदांत ठेवली आहे. माझ्यानंतर जो घेईल त्याला सगळं कळायला हवं. तें केव्हां झालं, कसं झालं, माहीत असेल तर तेंहि लिहा."

मी काकूंकडे गेलों. त्या ओसरीवरच होत्या. उजव्या बाजूला बसून मीं हकीकत सांगितली. त्या जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "हो. मला ठाऊक होतं."

"ठाऊक होतं? मग यादींत कां नाहीं सांगितलंत?"

"त्यांत माझा कान लिहावा लागला असता."

मग त्यांनीं सांगितलें. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीच्या आधीं काका त्यांना वेरूळला घृष्णेश्वराच्या दर्शनाला घेऊन निघाले. लग्न होऊन सहा महिने झाले होते. पण भरल्या वाड्यांत नवराबायकोनें दिवसा बोलण्याची रीत नव्हती. वाड्याबाहेर दोघें एकटीं अशीं तीं प्रथमच. काका सारखे कांहीं तरी बोलत होते. पण चाक डावीकडे. काकू त्यांच्या उजव्या हाताला. म्हणजे काकूंचा तो कान त्यांच्याकडे. वारा, इंजिन, उघडा टप. काकू अंदाजानें मान हलवीत होत्या. दौलताबादच्या घाटांत काकांनीं कांहीं विचारलें. उत्तर आलें नाहीं. त्यांनीं पुन्हां विचारलें. मग पूर्ण वळून काकूंच्या तोंडाकडे पाहत मोठ्यानें विचारलें, आणि डाव्या अंगाचा मैलाचा दगड मागच्या मडगार्डांत शिरला.

"रागावले?"

"नाहीं. खालीं उतरून खड्डा बघितला, मग माझ्याकडे बघितलं. दुसऱ्या बाजूनं आले नि विचारलं, 'या कानानं ऐकूं येतं?' मी म्हटलं, येतं. बस्."

"आणि कार्ब्युरेटर?"

"त्याला काय झालं होतं? कांहीं नाहीं. खड्डा मुंबईला नेऊन आठ दिवसांत भरून आणला. मग म्हणाले, जींत तुझ्याशीं बोलतां येत नाहीं ती गाडी चालवायची कशाला?"

"मग विकली कां नाहीं?"

काकूंनीं माझ्याकडे, भाषा शिकविणाऱ्या माणसाकडे पाहावें तसें पाहिलें. "विकायची तर कारण सांगावं लागलं असतं."

मीं कागद घेतला आणि तेथेंच बसून लिहिलें: '१८. डाव्या मागच्या मडगार्डाला १९६६ सालीं दौलताबादच्या घाटांत मैलाचा दगड लागला. खड्डा शिशानें भरला आहे. चालविणाऱ्याचें लक्ष शेजारीं बसलेल्या व्यक्तीशीं बोलण्याकडे होतें.' काकूंना वाचून दाखविलें.

त्या म्हणाल्या, "अर्धंच लिहिलंस."

मीं पुढें एक ओळ घातली: 'शेजारीं बसलेल्या व्यक्तीला डाव्या कानानें ऐकूं येत नाहीं.' काकूंनीं तो कागद हातांत घेतला, चष्मा लावून सावकाश वाचला, आणि मी तो पाकिटांत घालीपर्यंत त्यावरून नजर काढली नाहीं.